पहिला घोट

मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी म्हण आहे. म्हण मी केलेली नाही, त्यामुळे त्यातल्या म्हशीवरून मला कुणी बोलू नये. माझं म्हणणं एवढंच, की माझ्या नवऱ्याची पहिली बायको नर्मदा आज जिवंत असती तर तिचीही भाकरी कधी करपली असती, तिचीही डाळ कधी खारट झाली असती, आणि तीही कधी पाय आपटत माहेरी गेली असती. पण ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ व्हायच्या आधीच, आणि गेल्यापासून तिनं एकही चूक केलेली नाही. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

मी मोहिनी. मला कळसाडीत बिजवराला दिली. नवऱ्याचं नाव अमृत. ते मी एरवी घेत नाही, इथं एकदा घेतलं, पुढं 'हे' म्हणेन. फसवून दिली नव्हती, सगळं माहीत होतं. केळी होती, ऊस होता, माणूस शांत होता, आणि आधीची बायको मेलेली होती. माझी आई म्हणाली, मेलेली सवत बरी, भांडायला येत नाही. आईला काय ठाऊक!

लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी, सरलाबाईंनी, माझ्या गळ्यात मंगळसूत्राखाली चांदीचं पगलं बांधलं. नखाएवढा पत्रा, त्यावर दोन पावलं उमटवलेली. आमच्यात बिजवराची बायको हे घालते. ती पावलं पहिलीची असतात. नवी साडी आली की आधी पगल्याला लावायची, मग आपण नेसायची. नवी बांगडी, तसंच. सकाळचं पाणीसुद्धा. बोट बुडवून पहिला थेंब पगल्यावर सोडायचा, मग आपण प्यायचं.

"ती खुस तं तू खुस," सासूबाई म्हणाल्या.

साड्या मी लावल्या, बांगड्या लावल्या. चार बाया बघत असतात, न लावून सांगते कुणाला? पण पाणी मी तिला कधी दिलं नाही. सकाळी माठाजवळ मी एकटी असते, तिथं बघायला कुणी येत नाही. या घरात माझ्या आधी सगळंच तिचं झालेलं होतं. नवरा, घर, परसातला मोगरा, सगळं. दिवसाचा पहिला घोट तरी माझ्या घशाखाली जाऊ दे. सासूबाई वारल्या, मुलगा मोठा होऊन सुरतेला नोकरीला लागला, तरी मी माझा हा हट्ट सोडला नाही.

आता फुलाचं सांगते.

आमच्या घरामागं न्हाणीच्या भिंतीपलीकडं जुन्या विटांचा एक उंचवटा आहे. त्यावर एक झाड. झाड म्हणजे नुसती पानं, पंख्यासारखी एकात एक बसलेली, राखाडी हिरवी. माघात त्यातून दांडा निघतो आणि त्यावर पांढरं फूल येतं. तीन पाकळ्या वर मिटलेल्या, तीन खाली लोंबलेल्या, आणि लोंबलेल्या पाकळ्यांवर पिवळी लव, सुरवंटाच्या पाठीवर असते तशी. आमच्या पंचक्रोशीत असं फूल कुणाकडं नाही. मी आले तेव्हा ते तिथं कुणाच्या ध्यानात नव्हतं. पुढं पानं दिसायला लागली आणि माझा गिरधर अंगणात पळायला लागला त्या सालच्या माघात पहिलं फूल आलं. आलं ते नेमकं नर्मदाच्या तिथीला.

झालं. सासूबाईंनी हात जोडले. "हाई नर्मदा शे. तिथीले उनी."

नर्मदाला फुलझाडांचा नाद होता, ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत होते. तेव्हा तिनंच कधीतरी लावलं असणार, आणि आता सवाशीण मेलेली बाई घर बघायला आली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गावातल्या बाया हळदकुंकू वाहून गेल्या. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तांब्याभर पाणी घेतलं आणि त्या झाडाला घातलं.

तेव्हापासून रोज. पाऊस पडत असला तरी. आधी पाणी घालणार, एकदम नाही, धार धरून सावकाश, एखाद्या आजाऱ्याला पाजावं तसं. मग तिथंच उकिडवं बसणार. चहा मी करायचा, कपबशी मी तिथं नेऊन द्यायची, आणि ह्यांनी तो चहा तिच्या शेजारी बसून प्यायचा. माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलत, त्यापेक्षा जास्त वेळ तिथं गप्प बसत. मला ताप आला, गिरधरला बारावीला मार्क कमी पडले, केळी वादळात झोपली, तरी ते पाणी चुकलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायची आणि रोज जळायची.

माझ्या बाळंतपणात हा माणूस दोनदा येऊन गेला होता. तिच्या झाडाला मात्र रोज.

या वर्षी माघात लोणखेड्याच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडम आल्या. शहाद्याच्या भीकमचंद शेठजींची नात, जिया. शेठजींचं शहाद्याच्या बाजारात काष्ठौषधीचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, सुंठ, सगळं तिथं मिळतं. पोरगी चुणचुणीत. जुन्या घरांच्या परसात कुठली कुठली झाडं शिल्लक आहेत ते बघत गावोगाव फिरत होती. आमचं फूल बघून तिनं चपला काढल्या आणि मातीत गुडघे टेकले. मला वाटलं हीसुद्धा हळदकुंकू वाहते की काय.

"काकू, हे आयरिस आहे!" तिनं फोन फुलासमोर धरला होता. "पण कुठलं आयरिस ते फोन सांगत नाही. ह्याच्या शेकडो जाती असतात. थंड मुलखातलं झाड हे. आपल्या उन्हाळ्यात टिकलं कसं? तुमच्याकडं ह्याला काय म्हणतात?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नर्मदा."

एवढ्या वर्षांत कुठल्या प्रश्नाला ह्यांनी इतकं पटकन उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

जियाला ते फार आवडलं. ती म्हणाली, खरी जात कळेपर्यंत घरचं नाव लावायची रीत आहे. याचा एक गड्डा कॉलेजच्या बागेत लावू आणि पत्र्याची पाटी रंगवून घेऊ: 'नर्मदा, कळसाडी'. ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात तिचं, गळ्यात तिचं, परसात तिचं, आणि आता कॉलेजातसुद्धा तिचंच नाव! पोरं येता जाता वाचणार. कळसाडीच्या पाटलांना बायको एकच होती, असं वाटायचं लोकांना.

मी जियाला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं आणि विचारलं, "अन् ते तिनी लायेलच नसी तं?"

"मग ज्यांनी आणलं, लावलं, त्यांचं नाव देऊ," ती म्हणाली. "पण तसं काही कळायला पाहिजे."

बस. मला तेवढंच हवं होतं. ते झाड नर्मदाचं नाही हे कळायला पाहिजे. मग ते कुणाचं का असेना. सासऱ्यांनी लावलेलं असो, चिमणीनं टाकलेलं असो, मला चाललं असतं. फक्त तिचं नको.

आधी मी प्रकाशा गावी फोन लावला. नर्मदाचं माहेर तिथलं. तिचा भाऊ छगन मला ताईच म्हणतो. पहिलीच्या जागी आलेली ती तिच्या माहेरची लेक, असा आमच्यात रिवाज आहे, म्हणून दर दिवाळीला साडी पाठवतो. ती साडीसुद्धा मी आधी पगल्याला लावते आणि मग नेसते. म्हणजे तीही तिचीच.

"असं फूल आमनाकडे कधी नव्हतं ताई," छगन म्हणाला. "नर्मदाताईले तं मोगराच आवडे."

माझा जीव भांड्यात पडतोय तोच तो पुढं म्हणाला, "पन ती पुन्यवान बाई व्हती. तिना हातथून काही बी उगी सकस."

मी फोन ठेवला. ज्यांच्याकडं पुरावा मागायला जावं तेच आरती करायला लागतात.

फुलं सरल्यावर जिया गड्डा न्यायला आली. खुरपं तिनं माझ्या हातात दिलं. "काकू, तुम्ही खणा. माझ्या आजीच्या घरात कांदा बटाटा येत नाही आणि मी मुळं उपटत फिरते. कॉलेजात करते तेवढं पुरे." ती हसली. मी मात्र मनापासून खणलं. इतकं, की हे मागच्या ओट्यावरून म्हणाले, "हळू, हळू!" मला 'हळू' कधी कुणी म्हटलेलं नाही.

मुळं आल्यासारखी, जाड गाठींची, मातीच्या अगदी वरवर. जिया सांगत होती, ह्याला पाणी फार लागत नाही, रोज तर नकोच. खाली विटा आहेत, पाणी निथळून जातं, म्हणून एवढी वर्षं कुजलं नाही. "पाणी नाही घातलं तरी मरणार नाही हे," ती म्हणाली. ह्यांनी ते ऐकलं. जियानं ताजा गड्डा पिशवीत घातला. मागचे काही जुने, वाळून लाकूड झालेले तुकडे मातीत पडले होते. परसात घाण नको म्हणून मी ते उचलले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टाकले. फेकायचे राहून गेले.

वैशाखातली दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि मी डाळ निवडत बसले होते. एकदम मला गिरधरच्या टाळूचा वास आला.

तान्ह्या गिरधरच्या. तेलाचा, गुटीचा, गोडसर. पोरगा सुरतेला, दाढीमिशा आलेला, आणि हा वास माझ्या स्वयंपाकघरात कुठून? मी डाळ बाजूला सारली. डबे हुंगले, कपाट हुंगलं, वेड्यासारखी सगळं हुंगत खिडकीशी आले. त्या तुकड्यांचा वास होता.

मी माळ्यावरून सहाण काढली. तुकडा धुतला, पाण्याचा थेंब टाकला आणि उगाळला. पांढरं गंध निघालं. नाकाशी धरलं, पुन्हा धरलं. ज्या बाईनं लेकराला गुटी दिली आहे तिला हा वास विसरता येत नाही. दोन वेढे हिरड्याचे, एक जायफळाचा, दोन बाळवेखंडाचे. हे बाळवेखंड होतं!

आणि मग सगळं आठवलं. माहेराहून तान्ह्या गिरधरला घेऊन आले होते. गुटीचं सामान संपलं म्हणून शहाद्याहून भीकमचंद शेठजींकडचं मागवलं. त्यातलं बाळवेखंड ओलं निघालं. सहाणेवर उगाळायला गेले तर बटाट्यासारखं घसरायचं. पोरगा रडत होता, सासूबाई ओरडत होत्या, आणि मी चिडून तो गड्डा न्हाणीच्या खिडकीतून पलीकडं भिरकावला होता. न्हाणीच्या खिडकीतून. विटांच्या त्या उंचवट्यावर.

दुसऱ्याच दिवशी मी शहाद्याला गेले. शेठजी आता थकलेत, पण गल्ल्यावर बसतात. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी हुंगला, दाताखाली धरला.

"हाई तं बाळवेखंड शे बाई. कोणले गुटी देवानी? सूनबाई उनी का घरमा?"

मी म्हटलं, सून येईल तेव्हा येईल, आधी एवढं सांगा, ओलं बाळवेखंड कधी विकलं होतं का? शेठजींनी कपाळावर हात मारला. एकदा वरच्या व्यापाऱ्यानं ओली पोती पाठवली होती म्हणे. काही गड्ड्यांना कोंब होते. बाया परत आणून दुकानात आपटून गेल्या.

"तुम्ही नही आनं परत?"

"मी फेकी दिधं."

"तं मंग उगनंच ना ते!" आणि म्हातारा खो खो हसला. नात काखेत कळसा घेऊन गावभर फिरत होती. आजोबांच्याच दुकानातलं झाड ते.

शेठजींनी तिथूनच जियाला फोन लावला. तिनं पुण्याच्या कुठल्याशा सरांना विचारलं. त्यांनी दोन जाती सांगितल्या, पुढच्या माघात फूल बघून नक्की करू म्हणाले, पण ज्यांची मुळं औषधात जातात त्यांतलंच हे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. "काकू," जिया फोनवर ओरडली, "मग हे तुमचंच की! पाटीवर 'मोहिनी' लिहू?"

"लिव," मी म्हटलं. जिलेबी घेतली, पाव किलो जास्तच, आणि रिक्षात सगळ्यांना हसून जागा दिली. एवढी हलकी मी लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हते.

संध्याकाळी जेवताना मी ह्यांच्या ताटात जिलेबी वाढली आणि सगळं सांगितलं. शेजारच्या भुरीबाई बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच सांगितलं, मुद्दाम. "ते तिनं नही. मन्हं शे. मन्हा गिरधरनी गुटीनं शे." भुरीबाईंनी तोंडाला पदर लावला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं.

"अस्सं," म्हणाले. जिलेबी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत उभी राहिले. आता माझ्या झाडाला पाणी घालताना बघायचं होतं मला. हे आंघोळ करून आले, तांब्या भरला, परसात गेले, आणि न्हाणीच्या कोपऱ्याशी थांबले. थांबले ते थांबलेच. मग तांब्या तसाच परत आणला, पाणी माठात ओतलं आणि तांब्या वर उपडा घातला. चहा पुढच्या ओट्यावर घेतला. तिसऱ्या दिवशी तांब्याही भरला नाही.

मग रोज हे पुढच्या ओट्यावर बसायला लागले. रस्त्याकडं तोंड करून, पण रस्त्याकडं बघत नव्हते. दाढी वाढली. शेतात जायचे ते बांधावरूनच परत यायचे. मी वाट बघत होते. तिचं भूत गेलं, आता माझ्याकडं वळतील, दोन शब्द बोलतील. कसलं काय. तिच्याजवळचे उठले आणि कुणाजवळच बसले नाहीत.

आणि झाड? झाडाला काही झालं नाही. पानं होती तशीच टवटवीत. जिया म्हणाली होती तसंच.

जियाचा फोन आला, पाटी तयार आहे, कॉलेजात बघायला या. मी फोन ठेवला आणि तडक ओट्यावर गेले. माझं डोकं फिरलं होतं.

"आज बी पानी नही घालं?"

"तुन्हं शे ना आते," हे म्हणाले. "तू घाल."

"तिनं व्हतं तवय तुम्ही रोज घालेत. मन्हं व्हयनं तं मी घालू?"

रस्त्यावरनं जाणारी माणसं वळून बघायला लागली, बघू देत. मी बोलत सुटले. बाळंतपणातले दोन दिवस काढले, तापात न विचारलेला डॉक्टर काढला, खिडकीतून बघितलेली प्रत्येक सकाळ काढली. मेलेल्या बाईचा तांब्या आणि जित्या बाईच्या नशिबी उपडा माठ, असं काहीतरी बोलले. हे ऐकत होते. माझा दम संपला तेव्हा म्हणाले, "तू जळस, माले ठाऊक शे. पन त्या पानीवर नको जळू."

"का बरं?"

हे मग बोलले ते माझ्याकडं न बघता.

"तिनी पानी मांगं व्हतं. मी नही दिधं."

नर्मदाच्या पोटात आतड्याला पीळ पडला होता, हे मला माहीत होतं. पुढचं कुणी सांगितलेलं नव्हतं. जीप करून धुळ्याला नेली. तिथं डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं आहे, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ती रात्रभर मागत होती. एक घोट, एकच घोट. ह्यांच्या हातात भरलेली बाटली होती. ती हात धरायची आणि हे हात सोडवून घ्यायचे. डॉक्टर बरोबरच सांगत होते, असं हे दोनदा म्हणाले. सकाळी तिला आत नेली. ती बाहेर आली नाही. बाटली भरलेलीच घरी आली.

"मंग ते फूल उनं, तिथीले," हे म्हणाले. "माले वाटनं, पानी मांगाले उनी. तू सांगं, ते तिनं नही. तं मंग इतला वरीस मी पानी कोणाले पाजं?"

मी आत गेले आणि ह्यांच्यासाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी उठले, माठातून तांब्या भरला आणि सवयीनं तोंडाला लावला. लावला आणि पुढं गेलाच नाही. गळ्यात पगलं होतं. ह्यांनी तिला पाणी दिलं नव्हतं, डॉक्टरानं सांगितलं म्हणून. मी दिलं नव्हतं, जळून. एवढी वर्षं मी तिला गळ्यात बांधून हिंडत होते, माझा घोट तिच्या पावलांवरून खाली उतरत होता, आणि तिला त्यातला थेंब मिळाला नव्हता. सगळं तिचं म्हणून मी जळत राहिले, आणि या घरात त्या बाईला कुणी पाणीच दिलं नव्हतं.

मी तांब्या घेऊन ओट्यावर गेले.

"पानी पाजा तिले," मी म्हटलं.

ह्यांना वाटलं मी पुन्हा टोमणा मारते. "ती तठे नही शे ना?"

"तठे नही." मी पदर सरकवला आणि पगलं पुढं धरलं. "आठे शे."

ह्यांनी पगल्याकडं बघितलं. मग तांब्यात बोट बुडवलं आणि थेंब त्या दोन पावलांवर सोडला. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा सोडला. पाणी माझ्या गळ्यावरून खाली ओघळलं. किती वर्षांनी ह्यांचं बोट माझ्या गळ्याशी आलं होतं, आणि आलं ते तिच्यासाठी. मी जळले. खोटं कशाला बोलू? पण जागची हलले नाही, हे थांबेपर्यंत मान वर करून उभी राहिले.

कॉलेजातल्या पाटीवर 'मोहिनी' आहे. ते मी बदलू दिलं नाही, देणारही नाही.

तांब्यात उरलं होतं ते पाणी मग मी प्याले.